नव्वदपर्यंत

"आता किती?" नंदाबाईंनी फोनवर विचारलं.

"अडुसष्ट," घरातून रामराव म्हणाले. "खालची फट जरा झाक. जाळ चढून राह्यला."

नंदाबाईंनी पिंपाच्या बुडाची फट विटेच्या तुकड्यानं अर्धी झाकली. लोखंडी पिंप गोठ्याच्या पलीकडे, घरापासून शंभर पावलांवर होतं. आत बाभळीचे निखारे, त्यांवर बोरीच्या ओल्या ढलप्या, आणि धुरात टांगलेला बकऱ्याचा फरा, खांद्यापासूनचा अख्खा पाय. फऱ्यात एक बारीक सळई खुपसलेली होती. सळईची तार झाकणाबाहेरच्या डबीत जात होती, आणि तिथून मांसातल्या उष्णतेचा आकडा कुठल्याही तारेशिवाय घरात, रामरावांच्या खाटेवरच्या दुसऱ्या डबीवर उमटत होता. थोरल्या मुलानं, भागवतनं हे पुण्याहून पाठवलं होतं. नव्वद झाले की मांस हाडापासून सुटतं, एवढंच त्यानं सांगितलं होतं.

धूर घरात जायला नको होता. रामरावांच्या नाकाला नळी होती, उशाशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. गोठ्याकडचं दार लावून नंदाबाईंनी त्याच्या फटीत जुनी लुगडी कोंबली होती.

आठ दिवस रामरावांच्या पोटात पेजेशिवाय काही गेलं नव्हतं, आणि पेजही चार चमचे. काल मात्र ते आपणहून म्हणाले होते, "धुरावरचा फरा कर. आकडा मी बघतो." आज सकाळीच नंदाबाईंनी शेजारच्या अप्पारावांना अंबडला पाठवून फरा आणवला.

फोन पुन्हा वाजला.

"एकाहत्तर. आता अडंल बघ."

"अडंल म्हंजी?"

"मांसातलं पाणी सुटून राह्यलं. सगळी आग त्यातच जाती. अशा वक्ताला जाळ वाढवायचा न्हाई, नुसतं बसायचं."

"बसलेच की."

साखर कारखान्यात रामरावांनी पस्तीस हंगाम रस आटवायच्या पॅनवर काढले होते. उकळता रस काचेच्या पट्टीवर घ्यायचा, दिव्यासमोर धरून साखरेचा दाणा बघायचा, आणि एक डोळा कायम काट्यावर. घरी आल्यावरही ते चुलीशी येऊन जाळ कमी कर, जाळ वाढव, म्हणायचे. नंदाबाई चिडायच्या. त्या काळी त्या मटणाच्या फाकांना हळद-मीठ लावून चुलीवरच्या तारेला लटकवत आणि आठवड्यानं उतरवत. तेव्हा आकडा कुणी विचारत नव्हतं.

"तुमच्या हाताखाली धा-धा मानसं व्हती," त्या फोनवर म्हणाल्या. "आता मी एकलीच राह्यले."

"ती ऐकायची तरी," रामराव म्हणाले. हसू आलं आणि त्याचा खोकला झाला. बराच वेळ फोनवर खोकलाच ऐकू येत राहिला.

तासाभरानं त्यांनी चौऱ्याहत्तर सांगितलं. थोड्या वेळानं नंदाबाई उठल्या, हातपाय धुऊन पुढच्या दारानं आत गेल्या. त्यांना पाणी पाजायची वेळ झाली होती.

रामरावांचे डोळे मिटलेले होते. डबी छातीवर होती. तिच्या काचेवर आकडा नव्हता. नुसत्या दोन आडव्या रेघा होत्या.

नंदाबाई थोडा वेळ त्या रेघांकडे बघत राहिल्या.

"किती झालं?"

रामरावांनी डोळे उघडले. हात सरकत जाऊन डबीवर पडला. "शहात्तर," ते म्हणाले. "चढून राह्यलं हळूहळू."

नंदाबाईंनी उशी नीट केली. चमच्यानं पाणी ओठांत सोडलं. निम्मं हनुवटीवरून खाली आलं. उरलेल्यानं ठसका लागला तो चेहरा काळानिळा होईपर्यंत थांबेना. मशीन तेवढ्याच आवाजात घरघरत होतं. खोकला बसल्यावर त्यांनी हातानं खूण केली.

"तू जा. जाळाकडं कुणी न्हाई."

पिंपावरच्या डबीचा बारीक दिवा विझलेला होता. सेल कधी संपला कोण जाणे. नंदाबाईंनी झाकण उचललं, फऱ्यावर अंगठा दाबला. मांस लगेच दोन्हीकडे फाकलं आणि पांढरं हाड वर आलं. तो कधीचा शिजून झाला होता.

त्यांनी सळई उपसली. फरा पातेल्यात ठेवून वर झाकण घातलं. मग गुरांच्या हौदातलं बादलीभर पाणी निखाऱ्यांवर ओतलं. वाफ उठली आणि बसली.

आता पातेलं आत न्यायचं. ताट घ्यायचं. एक तुकडा सोडवून त्यांच्या ओठांशी धरायचा. आणि त्यांना तोंड उघडावं लागेल.

नंदाबाई पातेल्याला हात लावून उभ्या राहिल्या. उन्हं उतरली होती. गोठ्यातली म्हैस दावणीशी अंग घासत होती.

फोन वाजला.

"ऐंशी," रामराव म्हणाले. श्वास घेऊन पुढं म्हणाले, "ढलपी टाकली का?"

नंदाबाईंनी पिंपात पाहिलं. राख काळी, ओली झाली होती.

"टाकली."

"फट?"

"अर्धीच ठेवली."

"बराबर." पुन्हा नुसता श्वास. "धा आकडे राह्यले. शेवटचे धाच वक्त खातेत. घाई केली की वाया जातं सगळं."

"मला कुठं घाई हाय," नंदाबाई म्हणाल्या. फोन कानाशी तसाच धरून त्या विझलेल्या पिंपाशेजारी दगडावर बसल्या. "तुम्ही सांगत ऱ्हावा."