चुकलेला उजेड

"पेंग्विन झाला, आता कोल्हा. स्टुडिओ आहे की प्राणिसंग्रहालय?" बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनवरच्या, तोंडात ब्रश धरलेल्या त्या चिन्हाकडे संशयानं पाहिलं.

"कोल्हा फुकट राबतो, बाबा. तुमचं ते विंडोजवरचं फोटोचं सॉफ्टवेअर दरवर्षी भाडं मागतं, आणि भाडं थकलं की आपल्याच फायलींना कुलूप."

सकाळपासून मुलगी खपत होती. पेंग्विनचं लिनक्स बसलं. हिशेबाला लिबरऑफिस मिळालं. प्रिंटर कुरकुरत का होईना चालू झाला. ओळखपत्राचे फोटो कापणं, चेहऱ्यावरचे डाग पुसणं आणि या स्टुडिओचं खास काम, म्हणजे गेलेल्या माणसाला घरच्यांच्या फोटोत बसवून देणं, सगळं त्या गिम्प नावाच्या कोल्ह्याला येत होतं. तिनं करून दाखवलं, तरी बाबांचं पालुपद सुरूच. रंग निराळे दिसतात. बटणं बारीक आहेत. माउस जड लागतो.

"माउस तोच आहे, बाबा."

"मग हात जड झाला असेल."

गिऱ्हाईक आलं, तसे ते उठले. आतल्या पडद्यापाशी थांबून म्हणाले, "नवी कामं कर त्यात. जुन्या फायलींच्या वाटेला जाऊ नकोस, शास्त्रज्ञबाई. मोडतील."

मोडतात की नाही, हेच तर बघायचं होतं. आणि बघायचं तर सगळ्यात अवघड नमुना घेऊन, हा तिचा प्रयोगशाळेतला शिरस्ता. तिनं फायली आकारानं लावल्या. लग्नांच्या मोठमोठ्या अल्बमांच्याही वर एक नाव होतं: 'आम्ही'.

तिला हसू आलं. हा फोटो तर तिच्या उशाशी होता. बाबा मागे उभे, पुढे खुर्चीत हिरव्या स्वेटरातली आई, आणि आईनं दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली आठ महिन्यांची ती. आई गेली तेव्हा तू वर्षाची होतीस, असं घरात सांगत. तिला आईचं काही आठवत नव्हतं. हात मात्र पाठ होते. लांब बोटं, बाहेर कललेली करंगळी. तिचीही तशीच कललेली. परीक्षेला जाताना ती देवाला नाही, करंगळीला बघून जायची.

पण एका साध्या फोटोची फाइल एवढी जड कशी?

फाइल पहिल्या फटक्यात उघडली. उजव्या बाजूला फोटोचे थर एकाखाली एक उतरत गेले. प्रत्येक थराशेजारी एक लहानसा डोळा, तो दाबला की तेवढा थर दिसेनासा होतो.

"हनुवटी खाली," पडद्यामागून बाबांचा आवाज आला. "एवढी नको हो. हां. खांदे सैल सोडा."

तिनं सगळ्यात वरचा डोळा दाबला. आईचा चेहरा गेला.

खाली मावशी होती. तरुण, रडून डोळे सुजलेली, कॅमेऱ्याकडे न बघता बाळाकडे बघणारी. स्वेटर तोच. हात तेच. करंगळी तीच.

तिनं पुन्हा दाबलं. आई. पुन्हा दाबलं. मावशी.

"कार्ड भरलं वाटतं. दुसरं आणतो. तसेच बसा, अजिबात हलू नका," असं म्हणत बाबा बाहेर आले, आणि टेबलापाशी थबकले.

ती वळली नाही. "आईनं मला कधी घेतलंच नव्हतं?"

बाबांनी खणातलं कार्ड उचललं, परत खणात ठेवलं.

"हात पुढे केले होते," ते म्हणाले. "नर्स म्हणाली, पुसून आणते. आणेपर्यंत..."

"पाहिलं तरी होतं?"

"पाहिलं. लांबून."

तिच्या तपासणाऱ्या नजरेनं आपली सवय सोडली नाही, आणि इतकी वर्षं उशाशी असून न दिसलेलं तिला दिसलं. "उजेड चुकलाय, बाबा. मावशीच्या हातांवर डावीकडून आलाय. आईच्या चेहऱ्यावर उजवीकडून."

"माहीत आहे."

"गिऱ्हाइकाला असा फोटो दिला असता तुम्ही?"

"तोंडावर फेकला असता त्यानं." ते कसनुसे हसले. "डाव्या गालावरचा उजेड वाढवायचा, उजव्या गालावर सावली रंगवायची. एवढंच काम राहिलंय. त्याच्यासाठीच तर भाडं भरत होतो. दर वर्षी तुझ्या वाढदिवसाला दुकान लवकर बंद करून बसतो. तू घरी केक न कापता थांबतेस, आणि मी इथे."

"मग?"

"गावभरच्या मेलेल्यांची तोंडं रंगवली मी. हिच्या गालावर काळा ब्रश ठेवायला हात धजत नाही."

तिनं डोळा दाबला. आई परत आली, मावशीच्या हातांवर, चुकीच्या उजेडात. मुलगी खुर्चीतून उठली आणि खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. बाबा बसले. त्यांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, माउस धरला. ब्रशचं लहानसं वर्तुळ सरकत सरकत आईच्या उजव्या गालापाशी गेलं आणि तिथेच राहिलं.

पडद्यामागून एक अवघडलेला आवाज आला, "साहेब, आता हललं तर चालेल का?"