मागचा कोपरा

नवा रंग परवडणारा नव्हता. म्हणून तिनं ट्रॅक्टरच्या जुन्या ट्रॉलीवरचा गंज चिंचेच्या कोळानं भिजवला आणि भांडी घासायच्या तारेनं हाताची सालटं निघेपर्यंत खरवडला. शेजाऱ्याच्या गेटचा उरलेला रेड ऑक्साईड त्यावर फिरवला. गंज वरवरचाच होता, निघाला. फक्त मागच्या कोपऱ्यात तार तळाच्या पत्र्याच्या आरपार गेली.

नवरा पाय फरपटत आला. त्यानं भोकात पुठ्ठा कोंबून वर पुट्टी थापली आणि तिथंही रंग ओढायला लावला. "मुकादमापुढं गप्प राहा," तो म्हणाला. "ही विकली तरच ऑपरेशन होईल. नाहीतर पाय जाईल माझा."

सकाळी मुकादम आला. ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली, दोनचार ठिकाणी ठोकून बघितलं आणि पिशवीतून हळदकुंकू, नारळ काढला.

"लई काम झालं बघा वहिनी. उद्यापासनं द्राक्षतोडणीच्या बायका हिच्यातनंच न्यायच्या. लेकरं असतात त्यांच्यासंगं, ती मागं बसतील."

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. बँडेजमधला पाय बाजेवरून खाली सोडून तो बसला होता. डोळ्यांनीच नको म्हणत होता.

"आमच्यात विकणाऱ्यानं नारळ वाढवायचा असतो," ती मुकादमाला म्हणाली. "द्या इकडं."

ती ट्रॉलीत चढली. दोन्ही हातांनी नारळ उचलून तिनं मागच्या कोपऱ्यात आपटला.

नारळ फुटला नाही. पत्रा फाडून तो खाली पडला आणि घरंगळत जाऊन नवऱ्याच्या बँडेजला टेकला.