डुलकी

अंबडच्या त्या गॅरेजमध्ये रविराज पहिल्यांदाच आला होता आणि आल्यापासून सगळ्यांवर खेकसत होता. त्याचा ट्रक चालता चालता मध्येच बंद पडत होता. मेकॅनिक बुद्धभूषणने स्कॅनर लावून पाहिलं. इंजिनाला हुकूम देणारं कंट्रोल मॉड्यूलच खराब झालं होतं. त्याने ते काढून नवीन बसवलं आणि ट्रक लगेच सुरू झाला.

"इंजिन असं अचानक बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, शेठ. घाटात झालं तर माणूस जातो."

"मला अक्कल शिकवू नको. या गाडीवरचा मागचा ड्रायव्हरही रोज हेच रडगाणं गायचा. शेवटी घाटात गाडी ठोकून मेला."

"पण पोलिसांना तर तुम्ही सांगितलंत, की त्याला डुलकी लागली होती."

रविराज एकदम अंगावर आला. "तुला कोणी सांगितलं रे हे?"

बुद्धभूषणने काढलेलं मॉड्यूल उचललं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं.

"माझ्या वहिनीनं."