तळव्यांची ऊब

सुगंधा चरात उतरली आणि गॅसच्या पिवळ्या पाइपचा गळका सांधा पाहून थबकली. प्लॅस्टिक वितळवून जोडणारी यंत्रे केव्हाच भंगारात गेली होती. नवा चिकट लेप फक्त जिवंत शरीराच्या उबेने घट्ट होई, आणि त्यासाठी माणूस हीटरपेक्षा स्वस्त पडतो, हा शोध कंपनीने अत्यंत विनयाने लावला होता.

लेपात दोन तळव्यांचे ठसे होते. उजव्या करंगळीला टोक नव्हते. ते तिच्या नवऱ्याचे, भानुदासचे हात होते. लेप वरून टणक होता, आत अजून मऊ. हात अर्ध्यातच निवले होते. मग कुणीतरी देह उचलून चर बुजवला होता. काम संपवून घरी येताना तो वाटेत गेला, असे कंपनीने तिला कळवले होते.

“त्यावरच हात ठेवा, सुगंधाबाई,” काठावरून इंजिनिअर आठल्ये म्हणाले. “राहिलेलं घट्ट होईल.”

“आणि ह्यांचे हात इथेच निवले, ते?”

“घट्ट झाल्यावर सगळे सांधे सारखेच दिसतात.”

तिने चरातल्या गार पाण्यात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून ठेवले. बोटे बधिर झाल्यावर तिने ते ठशांत बसवले. करंगळीपुरती जागा कमी पडली.

“धरतोय का लेप?” बऱ्याच वेळाने आठल्यांनी विचारले.

“नाही, साहेब. हात गार आहेत,” ती म्हणाली आणि पुन्हा पाण्याकडे वळली. “पंचनाम्याला माणसं येईपर्यंत गारच राहतील.”