हवेची जाळी

घर गरम ठेवणारा, तेलावर चालणारा बॉयलर बसवायला आलेला फिंटन घराला लागूनच्या शेडमधून चिडूनच बाहेर पडला. "कोलमकाका, हवेची जाळी पुन्हा बुजवलीत? असा बॉयलर पेटवला तर विषारी वायूनं झोपेतच जाल. मेलेल्यांना ऊब लागत नाही! उद्या शेवटचा येतो."

"अरे, मी नाही बुजवली!" कोलम वैतागला. फटींत लोकर कोंबायची खोड त्याच्या बायकोची, नुआलाची. ती तर एप्रिलमध्येच गेली.

फिंटन गेल्यावर तो शेडमध्ये शिरला. डोनेगलच्या वाऱ्यानं दार आपटून बंद झालं. जाळीतली लोकर उपसत तो ओरडला, "पुरे आता, नुआला! गारठून मरतोय मी."

पाठीमागे दाराखालची उजेडाची फट एका टोकाकडून काळी होत चालली होती. बाहेरून कोणीतरी हलक्या हातानं लोकर कोंबत होतं.