रुमालाखालचा भाव

बेलापूरच्या कॉलेजात एमबीए करणाऱ्या माझ्या जाईला प्रोजेक्टसाठी एखादा धंदा हवा होता. म्हटलं, बापाचा आंब्याच्या दलालीचा गाळा काय वाईट आहे? महिनाभर ती वाशीच्या बाजारात माझ्या शेजारी बसली. रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव कसा ठरतो, तेही तिला शिकवलं. पोटची पोर, तिच्यापासून काय लपवायचं? प्रोजेक्ट पहिला आला, कॉलेजातच एका कंपनीनं तिला उचललं. मी गाळ्यावर पेढे वाटले.

यंदा देवगडच्या परबांच्या बागेतली एकही पेटी आली नाही. फोन करून सरळ विचारलं, "परब, इतक्या वर्षांचा घरोबा आणि असा दगा?"



"शेठ, माल जाईच्या कंपनीला दिला. रुमालाखाली ठरलेला भाव आणि तुम्ही आम्हाला सांगितलेला भाव, यातला फरक तिनंच दाखवला."