काळ्या दोऱ्याची जोडी

प्रांजलनं शिंपल्यांच्या जोडीवरचा काळा दोरा सोडला आणि संयोगिता मॅडमच्या कपाळाला आठी पडली. मिरजेच्या कॉलेजात प्राणिशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. ही जोडी दरवर्षी टेबलावर असायची. मुलं तिचं नाव लिहून मुकाट पुढं सरकायची. नाव मॅडमनीच दिलेलं होतं. शिंपल्याची जात ओळखायची ती दोन शिंपा जुळतात तिथल्या बिजागरीच्या दातांवरून, आणि या जोडीचे दात जगावेगळे होते, म्हणून ही नवी जात. तिच्यावरच डॉक्टरेट मिळाली, तिच्यावरच विभागप्रमुखाची खुर्ची.

"मॅडम, ह्या दोन शिंपा एका शिंपल्याच्या न्हाईत." प्रांजलनं त्या बिजागरीशी भिडवल्या. डावीचे दात उजवीच्या खाचांत काही केल्या बसेनात. "एकाच्या असत्या तर कुलपात किल्ली बसावी तशा बसल्या असत्या. तुमीच शिकिवलंय."

वीस वर्षांपूर्वी मॅडमनी दात सुटे सुटे मोजले होते, त्यांची चित्रं काढली होती. एकमेकांत बसवून बघायचं सुचलं नव्हतं, की बघायचंच नव्हतं, देव जाणे.

"दोरा तर मी लगेच वळखला," प्रांजल हरखून बोलत सुटली. "घोंगडीच्या काठाची लोकर हाय ही. माजी आजी रंगुबाई अग्रणी नदीच्या पात्रात मेंढरं राखायची. नवं लगीन झालेली एक बाई शिंपलं मागाय आली. आमच्यात सवाष्णीच्या वटीत एकली शिंप घालत न्हाईत. मग आजीनं सुट्या दोन बघून जोडी बांधून दिली. अजून सांगती."

मॅडमना ती म्हातारी लख्ख आठवली. भर उन्हात तिनं ताक पाजलं होतं. प्रबंधात तिचे आभार मानायचे तेवढे राहून गेले होते.

"म्हणजे उत्तर तुला घरूनच ठाऊक होतं?"

"व्हय, पन मी आदी दात बघून..."

"याला कॉपी म्हणतात."

मॅडमनी उत्तरपत्रिका ओढून घेतली आणि तिच्यावर लाल रेघ मारली. प्रांजलच्या घरातल्या पहिल्या पदवीची ही शेवटची परीक्षा होती. ती हातापाया पडली, रडली, शेवटी शिपायानं तिला बाहेर नेलं.

मॅडमनी त्या दोन परक्या शिंपा पुन्हा एकीवर एक ठेवल्या. काळा दोरा गुंडाळला आणि गाठ मारली, रंगुबाईच्या गाठीहून पक्की.